शॉक गळतो म्हणून दाट ऑइल भरावे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुमची १/१० स्केलची आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, बग्गी ऐरोलीत मुरूम पसरलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर चालते. मागचा डावा शॉक, म्हणजे धक्के जिरवणारी ऑइल भरलेली नळी, खालून गळू लागला म्हणून तुम्ही तो उघडला, पेट्रोलने धुतला आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ३० नंबरचे सिलिकॉन ऑइल भरले. दोन दिवसांत तो पुन्हा गळला, तुम्ही पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी, दाट ऑइल बाहेर येणार नाही या हिशेबाने, मागच्या दोन्ही शॉकमध्ये ५० नंबरचे ऑइल अगदी काठोकाठ भरून झाकण घट्ट केले. आता डावा शॉक अजूनही ओला होतो, स्प्रिंग काढून दाबला तर शाफ्ट (शॉकमधून आत-बाहेर होणारा दांडा) शेवटचे पाच-सहा मिलिमीटर आत जातच नाही, सोडला की झटकन बाहेर येतो, आणि उडीनंतर गाडी चेंडूसारखी उसळून तिरकी पडते. तेव्हा प्लॅस्टिकचे शॉक टाकून ॲल्युमिनियमचे घ्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनात दोन स्वतंत्र दोष एकमेकांत मिसळले आहेत. एक ओ-रिंगांचा, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा आहे आणि तो बहुधा पहिल्या दिवसापासूनचा आहे. दुसरा जास्त भरलेल्या ऑइलचा आहे आणि तो तिसऱ्या वेळी तुम्हीच तयार केला आहे. पहिल्या दोषावर ऑइलच्या नंबरचा उपाय करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे झाले.

मी ठाण्यात राहतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत माझी बावीस वर्षे गेली, आणि गेली बारा वर्षे ओळखीपाळखीच्या लोकांच्या आरसी गाड्यांचे शॉक रविवारी माझ्या टेबलावर येत असतात. काही गोष्टी मात्र लांबून ठरवता येत नाहीत. शाफ्ट किती जाड आहे, रिंगा कोणत्या रबराच्या आहेत, पिस्टनला, म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या चकतीला, किती भोके आहेत, यावर आकडे बदलतील. झाकणाखाली काळी रबरी टोपी असल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून शॉक डायफ्रॅमचा आहे असे धरून चालतो. बिनडायफ्रॅमच्या, म्हणजे हवा आणि ऑइल मुद्दाम एकत्र ठेवणाऱ्या शॉकमध्ये भरण्याची रीत थोडी वेगळी असते, पण तपासण्याचा क्रम तोच राहतो.

प्रथम दाट ऑइलचा गैरसमज दूर करू. शाफ्ट बाहेर येताना पिस्टन खाली सरकतो आणि त्याच्याखालचे ऑइल भोकांतून वर जायला बघते. ते जितके दाट, तितका पिस्टनखालचा दाब जास्त, आणि ज्या रिंगांनी शाफ्टभोवतीची फट बंद ठेवायची त्या नेमक्या तिथेच, तळाला बसलेल्या असतात. त्यामुळे दाट ऑइल फटीतून सावकाश झिरपते हे खरे असले, तरी प्रत्येक धक्क्याला रिंगेवर येणारा दाबही त्याच्यामुळेच वाढतो. गळती दोन दिवसांऐवजी चार दिवसांनी दिसेल, थांबणार नाही. शिवाय नंबरांचे अंतर वाटते त्यापेक्षा मोठे असते. टीम असोसिएटेडच्या ऑइलमध्ये २० म्हणजे २०० सेंटिस्टोक (दाटपणाचे माप), ३० म्हणजे ३५० आणि ४० म्हणजे ५००. ३० वरून ५० वर जाताना तुम्ही दाटपणा जवळपास दुप्पट केला आहे. एका कंपनीचे ३० दुसऱ्या कंपनीच्या ३० इतकेच असेल याची खात्री नसते, म्हणून मी बाटलीवरचा सेंटिस्टोकचा आकडाच पाहतो.

आता शाफ्ट शेवटपर्यंत का जात नाही ते पाहू. शाफ्ट आत जातो तेव्हा तो स्वतःच्या आकारमानाइतकी जागा घेतो, आणि ऑइल दाबून लहान होत नाही. तुमचा शाफ्ट ३.५ मिलिमीटर जाड आणि त्याची चाल २५ मिलिमीटर आहे असे धरले, तर त्याचा छेद सुमारे ९.६ चौरस मिलिमीटर आणि पूर्ण आत गेल्यावर त्याने व्यापलेली जागा सुमारे २४० घन मिलिमीटर, म्हणजे ०.२४ मिलिलिटर होते. चहाच्या चमच्याचा हा विसावा भाग. एवढीशी जागा देण्यासाठीच तो डायफ्रॅम तिथे असतो. तो वर दबतो आणि शाफ्टला वाट मिळते. तुम्ही काठोकाठ भरून, शाफ्ट पूर्ण बाहेर ठेवून झाकण आवळलेत, त्यामुळे डायफ्रॅम आधीच दबलेला राहिला आणि शेवटच्या साडेपाच मिलिमीटरला जागाच उरली नाही. हिशेब केला तर जास्तीचे ऑइल जेमतेम ०.०५ मिलिलिटर भरते. एवढ्यावरून शॉक काठीसारखा ताठ होतो, उडीनंतर चाकाचा धक्का न जिरता थेट चेसिसला जातो आणि गाडी उसळते. आणखी एक गोष्ट, दबलेला डायफ्रॅम गाडी कपाटात उभी असतानाही ऑइलला बाहेर ढकलत राहतो. तुमची तिसरी गळती न चालवता झाली असेल तर कारण हेच आहे.

पहिल्या दोन गळत्यांचे मूळ मात्र रिंगांत आहे, आणि माझा पहिला संशय त्या पेट्रोलवर आहे. पेट्रोलमध्ये पुष्कळ प्रकारचे रबर फुगते, सिलिकॉनच्या रिंगा तर डोळ्यांना दिसतील इतक्या फुगतात. पेट्रोल उडून गेल्यावर त्या आकसतात. नायट्राइल नावाच्या रबराच्या रिंगांतले मऊपणा ठेवणारे घटकही पेट्रोलबरोबर निघून जातात आणि रिंग कडक होते. कडक रिंग शाफ्टला चिकटून राहत नाही. रॉकेल, कार्ब्युरेटर क्लीनर आणि ब्रेक क्लीनर यांनाही रिंगांपासून दूरच ठेवा. धातूचे भाग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि रबर व प्लॅस्टिक भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली नीट वाळवून वापरा. तसेच आत फक्त सिलिकॉन ऑइलच भरा. बाइकच्या फोर्कचे किंवा शिलाई मशीनचे ऑइल स्वस्त पडते म्हणून भरलेले शॉक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या रिंगा बहुतेक वेळा बोटाने सहज फाटतात.

दुसरा संशय शाफ्ट घालण्याच्या पद्धतीवर आहे. शाफ्टच्या टोकाला जे आटे असतात त्यांची धार रिंगेतून ओढली गेली की रिंगेच्या आतल्या कडेला केसाएवढा काप पडतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण रिंग दोन बोटांत हलकेच ताणून खिडकीच्या उजेडात फिरवली की बारीक ओठासारखा उघडतो. यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप शाफ्टच्या टोकावर दीड वेढा घ्यायची, तिच्यावर आणि रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, शाफ्ट किंचित गोल फिरवत आत सारायचा आणि टोक बाहेर आले की टेप सोलून काढायची.

तिसरी शक्यता शाफ्टवरच्या चऱ्याची. इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका रात्री दोन गाड्यांचे आठही शॉक नव्या रिंगा घालून बांधले आणि सकाळी त्यांतले तीन खालून ओले झालेले पाहिले. रिंगा पुन्हा बदलल्या, पुन्हा ओले. शेवटी शाफ्टवरून अंगठ्याचे नख आडवे फिरवले तेव्हा नख एका जागी अडकले. खालचा बॉल-एंड, म्हणजे शॉक गाडीला जोडणारे टोक, आवळताना मी शाफ्ट साध्या पकडीने धरला होता, आणि पकडीच्या दातांनी नेमका तो भाग ओरबाडला होता जो रिंगेतून ये-जा करतो. ती नवी रिंग म्हणजे प्रत्येक फेरीला कानशीवर घासली जात होती. तेव्हापासून मी शाफ्ट फक्त आट्यांलगत, पिस्टनपासून शक्य तितका दूर, आणि तोही जाड कापडाची घडी मध्ये घालूनच धरतो. शाफ्टवर चरा सापडला तर तो पॉलिश करत बसू नका, शाफ्ट बदला. पूर्ण शॉकच्या तुलनेत तो फारच स्वस्त पडतो.

नव्या रिंगा घातल्यावर ऑइल भरण्याआधी शॉक कोरडाच तपासा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला विचाराल तर शॉक बांधण्यातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. झाकण आणि स्प्रिंग न लावता, रिंगांना ग्रीस लावून, शॉक उभा धरून शाफ्ट वर ढकला आणि सोडा. बॉल-एंडच्या वजनाने तो न अडखळता खाली यायला हवा. मध्येच थांबला तर शाफ्ट वाकला आहे का ते काचेवर लोळवून पाहा, खालचे टोपण जास्त आवळले आहे का ते पाव फेरी सैल करून पाहा, आणि पिस्टनच्या कडेला साच्यातून सुटताना राहिलेला प्लॅस्टिकचा बारीक काटा नाही ना, हे बोटाने चाचपा. पिस्टनवरच्या आणि खालच्या ई-क्लिप (पिस्टन जागी धरणाऱ्या छोट्या क्लिपा) पूर्ण बसल्या आहेत का तेही इथेच बघून घ्या, कारण ढिला पिस्टन प्रत्येक फेरीला टक-टक वाजतो आणि माणूस दोष ऑइलला देतो. सिलिकॉनच्या रिंगा सिलिकॉन ऑइलमध्ये थोड्याबहुत फुगतात, म्हणून नवा बांधलेला शॉक काही दिवसांनी किंचित जड झाला तर घाबरू नका, पण कोरडा असतानाच जड असेल तर तो पुढे अधिकच अडकेल.

आता भरणे. शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, शॉक उभा ठेवा आणि ऑइल काठाच्या थोडे खालपर्यंत, भिंतीवरून ओघळेल असे ओता. पिस्टन सावकाश, बुडालेलाच ठेवून, आठ-दहा वेळा वरखाली करा म्हणजे त्याच्याखाली अडकलेली हवा सुटेल. मग शॉक उभा ठेवून बाजूला व्हा. माझ्याकडे एका लाकडी पट्टीला भोके पाडून केलेला स्टँड आहे, त्यात मी चारही शॉक लावतो आणि जेवून येतो. थांबायचे कारण साध्या हिशेबात आहे. ३५० सेंटिस्टोकच्या ऑइलमध्ये एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा तीन सेंटिमीटर वर यायला अर्धा तास घेतो. दाटपणा दुप्पट झाला की वेळही दुप्पट होते. म्हणजे पाच मिनिटांत झाकण लावलेल्या ५० नंबरच्या शॉकमध्ये बारीक हवा राहणारच. घाई असेल तर शॉक थोडा वेळ उन्हात ठेवावा. ऑइल पातळ होते आणि बुडबुडे लवकर वर येतात.

पृष्ठभाग स्वच्छ झाला की थेंब-थेंब ऑइल घालून ते काठावर किंचित फुगीर दिसेल असे करा. डायफ्रॅम एका कडेने टेकवून, तिरका ठेवत, हवा दुसऱ्या कडेने हाकलत बसवा. खाली टिशू पेपर धरा, कारण थोडे ऑइल सांडणार, आणि ते सांडलेच पाहिजे. यानंतर झाकण दोन-तीन आटेच लावा, शाफ्ट सावकाश पूर्ण आत ढकला, जास्तीचे ऑइल आट्यांतून बाहेर येऊ द्या, आणि शाफ्ट तसाच आत धरून झाकण आवळा. तुमच्या हातून राहिली ती पायरी हीच. शाफ्ट पूर्ण आत असताना बंद केलेला शॉक सोडल्यावर जवळपास जागीच राहतो. तो थोडा बाहेर यावा असे वाटत असेल तर शाफ्ट अर्ध्यावर ठेवून बंद करा. उड्यांच्या जागेसाठी मी स्वतः पूर्ण आत ठेवूनच बंद करतो, पण सपाट रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माझ्या काही ओळखीच्यांना थोडी उसळी आवडते, आणि तेही चूक नाहीत.

बंद झालेला शॉक कानाजवळ धरून शाफ्ट झटपट आत-बाहेर करा. "चुळुक-चुळुक" असा ओला आवाज आला तर आत हवा आहे. मग दोन्ही मागचे शॉक स्प्रिंगशिवाय समोरासमोर, बॉल-एंडला बॉल-एंड लावून धरा आणि दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने दाबा. दोघांचे शाफ्ट बरोबरीने आत गेले पाहिजेत. एक आधी संपला आणि दुसरा मागे राहिला तर डावे-उजवे जुळत नाहीत. तुमची गाडी उडीनंतर तिरकी पडते त्याचे कारण बहुधा एवढेच आहे की एका बाजूला गळून कमी झालेले ऑइल आहे आणि दुसऱ्या बाजूला काठोकाठ भरलेले. माझ्या अनुभवात जोडी जुळलेली असली की नंबर थोडा इकडेतिकडे झाला तरी गाडी सरळ जाते. जोडी बिघडली की अचूक नंबरही कामाला येत नाही.

थोडक्यात इथवरचा क्रम असा: रिंगा बदला, शाफ्टवर नख फिरवा, कोरडा तपासा, ३० नंबर भरून थांबा, शाफ्ट आत ठेवून बंद करा, आणि मग जोडी जुळवा. हे सगळे झाल्याशिवाय ऑइलचा नंबर बदलू नका. आता नंबर कधी बदलावा ते सांगतो.

आपल्याकडच्या हवेत याला अर्थ आहे. सिलिकॉन ऑइल खनिज तेलाइतके तापमानाने बदलत नाही, पण बदलते. बाटलीवरचा आकडा साधारण २५ अंशांचा असतो. तेच ३५० सेंटिस्टोकचे ऑइल ४० अंशांना २६५ च्या आसपास उतरते आणि १८ अंशांना ४०० च्या आसपास चढते. जानेवारीच्या पहाटे जी गाडी तुम्हाला ताठ वाटते, तीच मे महिन्यात दुपारी तापलेल्या मुरुमावर मऊ आणि लोळती वाटेल, कारण एकाच बाटलीतले ऑइल हिवाळ्यात ३५ नंबरच्या जवळ आणि उन्हाळ्यात २५ नंबरच्या जवळ वागत असते. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये एक पायरी दाट, म्हणजे ३५ चे ऑइल भरतो आणि दिवाळीनंतर परत ३० वर येतो. पण ही पायरी पाचाची आहे, वीसची नाही.

उडीनंतरची उसळी जोडी जुळल्यावरही राहिली तर पिस्टनकडे पाहा. स्प्रिंग किती दबायचे ते ठरवते, ऑइल आणि पिस्टनची भोके मिळून किती वेगाने दबायचे ते ठरवतात. भोके लहान असतील तर मोठ्या धक्क्यात ऑइलला निघायला वाट मिळत नाही, शॉक क्षणभर घट्ट होतो आणि गाडी टणकन उसळते. मंद चाचणीत तो अगदी व्यवस्थित वाटतो, म्हणून हा दोष हाताने लवकर लक्षात येत नाही. सावकाश वाहणाऱ्या ऑइलला भोकाचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. १.२ मिलिमीटरची भोके १.३ ची केली की तेवढ्याने साधारण ३८ टक्के वाट वाढते. प्रत्यक्षात पिस्टनच्या कडेनेही ऑइल जाते, म्हणून फरक याहून कमी जाणवेल, पण ड्रिल हातात घेण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. मी नवा पिस्टन आणून मोठ्या भोकांचा लावतो आणि जुना तसाच राखून ठेवतो, कारण भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही.

ॲल्युमिनियमच्या शॉकबद्दल शेवटी सांगतो. त्यांचे आटे टिकतात, झाकण जोरात आवळले तरी फिरत नाही, उंची चकती फिरवून बारीक बदलता येते आणि उष्णता लवकर बाहेर पडते. तुमच्या प्लॅस्टिकच्या शॉकचे झाकणाचे आटे झिजले असतील, म्हणजे आवळताना एका ठिकाणी "कट्" होऊन सैल पडत असेल, तर ते घेणे योग्य ठरेल. पण आतल्या रिंगा साधारण त्याच जातीच्या असतात, आणि पेट्रोलने धुतल्या तर त्याही तशाच कडक होतील. शिवाय आपल्या भागात, विशेषतः बांधकामे चालू असलेल्या घोडबंदर रोडच्या बाजूला किंवा ऐरोलीतल्या तुमच्या प्लॉटवर, शाफ्टवर बसणारी बारीक धूळ धातूच्या शॉकलाही सोडत नाही. फेरी संपल्यावर शाफ्ट कोरड्या ब्रशने झटका आणि जमल्यास त्यावर रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारे आवरण, चढवा. पावसाळ्यात चिखलात चालवलेली गाडी त्याच रात्री खोलून पुसा, कारण चिखल वाळला की शाफ्टवरची माती रिंगेत ओढली जाते. ऑइल काढल्यावर ते राखाडी आणि गढूळ दिसले तर समजा की माती आत पोहोचली आहे. तेव्हा नुसते ऑइल बदलून भागत नाही, रिंगाही बदलाव्या लागतात.

हे सगळे करूनही फक्त डावाच शॉक ओला होत राहिला, तर दोन्ही शॉकच्या शाफ्टची अदलाबदल करून एक बॅटरीभर गाडी चालवा. गळती शाफ्टबरोबर उजवीकडे गेली तर दोष शाफ्टचा आहे. ती डावीकडेच राहिली तर रिंगा बसतात ती तळाची जागा ओरखडली किंवा फाटली आहे, आणि तेव्हा बॉडी बदलावी लागेल.